तोलोमुश आगायची तबकडी

आमच्याकडे माणूस गेला की बायका लोकरीच्या नमद्याच्या तंबूत भिंतीकडे तोंड करून बसतात, दाराकडे पाठ. बाहेर पुरुष कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून, येणाऱ्या प्रत्येकाबरोबर नव्याने हंबरडा फोडतात. आत आम्ही सुरात विलाप करतो. भिंतीकडे तोंड असल्यामुळे पाठीमागे जगात काय चाललंय ते दिसत नाही. ही पद्धत ज्याने घातली त्याला शोकाबद्दल सगळं कळत होतं आणि चोरांबद्दल काही कळत नव्हतं, असं मी म्हटलं असतं. पण चोरी कुणी केलीच नाही. तेच तर माझं दुखणं आहे.

तोलोमुश आगाय गेले तेव्हा त्यांच्या बायकोने, साय्राकान आपांनी, मला हाताला धरून स्वतःच्या शेजारी बसवलं. आगाय म्हणजे मास्तर. उभं खोरं त्यांना त्याच नावाने हाक मारायचं, ज्यांना त्यांनी कधी शिकवलं नाही तेसुद्धा. "ही लेकीची जागा," आपा म्हणाल्या. "आम्हाला लेक नाही. तू बस." मी बिश्केकला विद्यापीठात गणित शिकवते. आगायच्या हाताखाली तयार झालेली शेवटची विद्यार्थिनी मी. एवढ्या मानाला नाही म्हणता येत नाही, आणि एकदा त्या जागेवर बसलं की दफन करून पुरुष परत येईपर्यंत, आलेल्यांचं जेवणखाण होईपर्यंत उठता येत नाही.

माझा आवाज फाटका. विलापाच्या ओळी जुळवणं मला कधी जमलं नाही. आपा मधूनच कोपराने ढोसायच्या. "नुसती मुसमुसतेस काय? शब्द बोल त्यांच्याबद्दल. एवढी शिकलीस ना?"

मी कसेबसे चार शब्द जुळवले आणि पुन्हा मुसमुसू लागले. बाहेर पुरुष दफनाहून परतले होते. मोठ्या कढयांखालचा धूर आत येत होता, लोकांची ये-जा ऐकू येत होती. आणि मध्येच पत्रा कापल्यासारखा आवाज आला. करकर करत कात्री चालली होती. मला वाटलं, चुलीचं धुराडं दुरुस्त करतायत. मी पुन्हा भिंतीकडे बघून रडू लागले.

आगाय याच गावात, कोक-दोबोत, जन्मले. बाप मेंढपाळ, तोही लवकर गेलेला. मामाने शाळेत घातलं. शाळेतल्या मास्तरांनी हात टेकले तेव्हा राजधानीला पाठवलं, तिथल्यांनी हात टेकले तेव्हा सैबेरियात. परत आले ते खोलीभर मोठं गणकयंत्र चालवायला. त्या काळात यंत्राशी बोलायचं म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडावी लागत. आगाय म्हणे कार्ड उजेडाला धरून नुसत्या भोकांवरून चूक सांगायचे, आणि ज्याची चूक असेल त्याला आधी चहा पाजायचे. खोऱ्यातला कुठला पोर शहरात शिकायला आला की आधी त्यांच्या दारात. जेवायला घालायचे, झोपायला जागा द्यायचे आणि सकाळी उठवून गणित घालायचे. आज आमच्या देशात जिथे जिथे कुणी यंत्रापुढे बसून पोट भरतं, तिथे दोन माणसं सोडून तिसरा त्यांच्या घरची भाकरी खाल्लेला सापडेल.

मग आम्ही ज्यात होतो तो मोठा देश फुटला. पगार थांबले, खोल्या गोठल्या. त्या यंत्राच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असायचा. एका हिवाळ्यात लोकांनी ते सोनं खरवडून नेलं, यंत्र फोडून. नेणाऱ्यांत आगायचेच दोन-तीन शिष्य होते. आगाय दारात उभे राहून बघत होते. मी तेव्हा लहान, हे मी नंतर ऐकलं. "तुम्ही अडवलं का नाही?" मी विचारलं होतं.

"कुणाला अडवू? भुकेले होते गं. भुकेल्या माणसावर रागावता येत नाही."

त्याच हिवाळ्यात त्यांनी स्वतःचे कागद चुलीत घातले, सोवेतबेकला, त्यांच्या मुलाला, न्यूमोनिया झाला होता म्हणून. वीस वर्षांचं काम एका आठवड्यात जळलं. पोरगा जगला. तेव्हापासून त्यांनी कागदावर महत्त्वाचं काही लिहिलं नाही. "कागद चुलीला फार आवडतो," म्हणायचे. गावी परत आले, कुणा शिष्याने दिलेला एक संगणक खिडकीशी मांडला, आणि पुढचं सगळं त्याच्या पोटात. त्याला इंटरनेटची तार लावली नाही. फार पूर्वी कुणा वरिष्ठाने त्यांचं एक काम स्वतःच्या नावावर खपवलं होतं, तेव्हापासून पुरं झाल्याशिवाय घराबाहेर पाठवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. पण ते निष्काळजी नव्हते. सगळ्याची एक नक्कल पेनड्राइव्हवर असायची, टेबलाच्या खणात, आपांच्या औषधांशेजारी.

त्यांचा प्रश्न सांगायला सोपा आहे. एक दोरी घ्या, दोन्ही टोकं जोडून टाका आणि तिचा मनसोक्त गुंता करा. आता हा गुंता खरा आहे की नुसता दिसायला? म्हणजे न कापता तो सुटून साधं कडं होईल की नाही? आणि यंत्राला हे झटपट कसं सांगता येईल, जन्मभर ओढाताण करत न बसता? लहान गुंत्याचं कुणीही सांगेल. गुंता मोठा झाला की आम्हाला ठाऊक असलेल्या सगळ्या रीती हात वर करतात. आगाय पोरगेले असताना शिंगरं बांधायची दोरी सोडवत बसायचे, तेव्हापासून हा प्रश्न त्यांच्या मानगुटीवर होता. गावात त्याची चेष्टा चालायची. "आगाय, कात्री देऊ का?" हा विनोद ज्याला त्याला स्वतःलाच सुचला असं वाटायचं. आगाय दर वेळी हसायचे, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखे.

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. चौऱ्याऐंशीचा माणूस, पण आवाजात पोराने सफरचंद चोरल्याचा आनंद.

"अनारकुल, झालं."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं आणि मी उभीच राहिले. "आगाय! सगळं?"

"सगळं. इतकं सोपं आहे की लाज वाटते. मी उलट्या बाजूने बघत होतो, आयुष्यभर."

"सांगा ना! नुसती कल्पना तरी सांगा!"

"फोनवर? छे. कळल्यावर तुझं तोंड कसं होतं ते बघायचंय मला. नौरुजला ये. तोवर मी स्वतः एकदा तपासतो. आधी आलीस तर दार उघडणार नाही, सांगून ठेवतो."

नौरुज म्हणजे आमचा वसंताचा सण, महिन्यावर आलेला. सणाच्या आदल्या आठवड्यात ते सकाळी चहाचा पेला हातात घेऊन बसले आणि पेला खाली ठेवायच्या आधीच गेले.

जेवणं उरकली, पाहुणे पांगले, तेव्हा मी तंबूतून उठले. पाय बधिर झाले होते. मी सरळ त्यांच्या खोलीत गेले. मला फक्त तिथे थोडं बसायचं होतं. आणि खोटं कशाला बोलू, त्या यंत्रावर हात ठेवायचा होता. आगाय गेले पण ते इथे आहे, एवढं स्वतःला पटवायचं होतं.

टेबल रिकामं होतं. धुळीत संगणकाच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता. खण ओढला. आपांची औषधं होती.

सोवेतबेक अंगणात कढया घासून घेत होते. गुरांचे डॉक्टर, धिप्पाड माणूस, रडून डोळे सुजलेले. माझ्याहून मोठे, म्हणून मी त्यांना बाइके म्हणते, थोरला भाऊ.

"बाइके, आगायचा संगणक कुठे हलवला?"

त्यांचा चेहरा उजळला. त्या दिवसभरात पहिल्यांदाच. "वाटला!"

"काय केलं?"

"तेबेरे म्हणून वाटला. अगं, लोक येत होते, सगळ्यांना काहीतरी हवं. कोट, टोपी, सदरे तर पहिल्या दिवशीच फाडून वाटले. तरी माणसं येतायत. लांब लांबून, आपल्या पोरांना घेऊन. मग मला सुचलं. बाबांचं डोकं कोटात कुठे होतं? डोकं तर त्या यंत्रात होतं!"

हे समजून घ्यायला हवं. आमच्यात मोठ्या वयाचं, भल्या कीर्तीचं माणूस गेलं की त्याच्या वस्तू वाटतात. कापड असेल तर पट्ट्या फाडून. ज्याला मिळेल तो कपाळाला लावतो, पोराच्या गळ्यात बांधतो: याचं आयुष्य माझ्या लेकराला मिळो, याची अक्कल मिळो. त्यालाच तेबेरे म्हणतात. जितका माणूस लाडका तितके तुकडे लहान. गेलेल्याच्या घरच्यांनी नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर मेलेला कंजूष ठरतो.

"कीबोर्डची बटणं एकेक काढून पोरांना दिली," बाइके सांगत होते. "मशिदीतले मोल्दो आधी म्हणाले, धर्मात हे बसत नाही. मग हळूच नातवासाठी एक घेऊन गेले. पडदा शाळेला. आतल्या हिरव्या पट्ट्या मास्तर लोकांना."

"आणि तबकड्या?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आत हार्ड डिस्क असते, एक जड लोखंडी डबी. तिच्यात…"

"असते ना! काय स्क्रू होते गं तिचे, चांदणीसारखे! घड्याळवाल्याकडून पेचकस मागवला. आत दोन तबकड्या. आरशासारख्या! मी म्हटलं, हेच. बाबांचं डोकं हेच. एक अख्खी दिली, जिपारला, वरच्या आळीतल्या. तिची दोन मुलं राहिली नाहीत, आता तिसरं आहे. आणि दुसरी मी स्वतः कापली. पत्र्याच्या कात्रीने. एकालाही कमी-जास्त होऊ दिलं नाही."

तो करकर आवाज. मी दहा पावलांवर बसले होते, पाठ करून.

मी काय बोलणार होते? माझ्या तोंडाशी आलं होतं. सगळं आलं होतं तोंडाशी. समोर तो माणूस उभा होता, ज्याच्या न्यूमोनियासाठी पहिली वीस वर्षं जळाली, आणि अभिमानाने माझ्याकडे बघत होता, शाबासकीसाठी. मी म्हटलं, "खणात एक पेनड्राइव्ह होता."

"ती काडी? ती केल्दीबेकला दिली. माझ्या बायकोच्या भाच्याला. दफनाला सगळ्यांची ने-आण त्यानेच केली, बिचाऱ्याने पाय टेकले नाहीत."

मी चप्पल बदलायलाही थांबले नाही.

केल्दीबेक कोचकोरच्या रस्त्यावर टॅक्सी चालवतो. तो फाटकापाशी गाडी पुसत होता, आत गाणी लागली होती. मरणाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, म्हणून आवाज बारीक ठेवलेला. पेनड्राइव्ह गाडीच्या टेपमध्ये खोचलेला होता. त्याला निळा मणी बांधला होता, दृष्ट लागू नये म्हणून.

"एजे, या, बसा! कुठे सोडू?" धाकटे मला एजे म्हणतात, ताई.

"केल्दी, त्या काडीवर काही होतं का रे आधी?"

"काही नव्हतं. म्हणजे होतं, पण गाणी नव्हती. टेप नुसता गरगर करत होता. मग साफ केली मी. आता एवढी भरलीय की एक गाणं जास्त मावत नाही!" मग माझं तोंड बघून तो घाबरला. "का हो? मी आता रोज गाडी सुरू करताना हिला कपाळाला लावणार. आगायची आठवण म्हणून. घाटात अपघात होणार नाही बघा मला."

मी गाडीच्या पायरीवर बसले. आधीचं पुसून त्यावर नवं काठोकाठ भरलं की काय उरतं, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. काही उरत नाही. त्याने मला पाणी दिलं. मी म्हटलं, "चांगली जप हो," आणि उठले.

आता उरली होती जिपारकडची तबकडी. एक तरी अख्खी होती. चढ चढताना मी स्वतःला सांगत होते की जगात कुठेतरी अशा प्रयोगशाळा असतात, तिथे उघड्या तबकडीवरूनही काही वाचतात म्हणे. अर्धं तर अर्धं. अर्ध्यावरून उरलेलं मी काढेन. मी त्यांची विद्यार्थिनी आहे, त्यांच्या डोक्याच्या वाटा मला ठाऊक आहेत. वाटेत लोक थांबवत होते, घरात ओढत होते, चहा पुढे करत होते, तळलेले बोर्सोक हातात कोंबत होते. प्रत्येक घरी मला एकेक गोष्ट दाखवत. हे बघ एजे, आम्हाला हे मिळालं. दाराच्या चौकटीला टांगलेलं, संगणकातल्या पंख्याचं पातं. पोराच्या गळ्यात दोऱ्याला ओवलेलं बटण. एका म्हातारीने रुमालाची गाठ सोडून मला चमचमता त्रिकोणी तुकडा दाखवला आणि लगेच पुन्हा बांधला, जणू मी तो हिसकावून घेणार होते. खरंच मला हिसकावून घ्यायचा होता. आणि घेऊन करणार काय होते?

जिपार पंचविशीची, फिकट, झोप न झालेली. पाळणा खिडकीशी होता. आडव्या दांडीला घुबडाचं पीस, लांडग्याची नखी, आणि मधोमध ती तबकडी, लाल दोऱ्याने टांगलेली. हळू फिरत होती. छतावर उजेडाचा गोल हलत होता आणि बाळ डोळे फाडून त्याच्याकडे बघत होतं.

मी जवळ गेले. तबकडीवर सूक्ष्म ओरखडे होते, सगळीकडे गोल गोल.

"आणली तेव्हा लोकांची बोटं लागून तेलकट झाली होती, एजे," जिपार म्हणाली. "मी राखेने घासली. बघा कशी लख्ख झाली."

राखेने. कुठलीही प्रयोगशाळा असली तरी राखेपुढे तिचं काही चालत नाही.

जिपारला काय वाटलं कुणास ठाऊक. ती एकदम खाली बघून म्हणाली, "तुम्हाला हवी आहे का? तुम्ही तर त्यांच्या लेकीसारख्या. तुमचा हक्क आधी." आणि ती खरंच दोरा सोडू लागली. गाठ घट्ट बसली होती, सुटेना. तिने ती दातांनी धरली.

ही बाई मला स्वतःच्या लेकराचं आयुष्य द्यायला निघाली होती, तिच्या समजुतीप्रमाणे. आणि मला त्यातलं काही नको होतं, कारण त्यात आता काही नव्हतंच. मी तिचा हात धरला. "राहू दे. मी बघायला आले होते फक्त, नीट टांगलीस की नाही." मी स्वतः दोरा पुन्हा ओढून घट्ट केला. ती रडायला लागली. आयुष्यात मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं. कुणीतरी दुष्ट हवं होतं मला त्या दिवशी. एक तरी.

परत आले तेव्हा साय्राकान आपा तंबूच्या दाराशी एकट्या बसल्या होत्या. डोक्यावरचा पांढरा रुमाल नीट करत त्यांनी मला जवळ बोलावलं. बराच वेळ माझ्या हाताची बोटं चाचपत राहिल्या.

"त्यातच होतं ना गं ते?"

मी मान हलवली.

"आणि काडीवर?"

"तीही गेली, आपा."

त्यांनी डोळे मिटले. जन्मभर ज्या माणसाला चहा दिला, त्याच्या कामातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण ते कुठे ठेवलेलं असतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "मलाही ऐकू येत होतं," त्या म्हणाल्या. "कापताना. मी विचार करत होते, हे पत्रा का कापतायत आज. तोंड वळवून बघितलं असतं तर…" मग त्यांनी माझा हात घट्ट दाबला. "सोव्याला सांगू नकोस. एकदा त्याच्यासाठी जाळलं त्यांनी. आता त्याच्या हातून हे झालं असं त्याला कळलं, तर तो जगायचा नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली.

निघताना सोवेतबेक बाइके गाडीपर्यंत आले. अंगरख्याच्या आतल्या खिशातून त्यांनी पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

"सगळ्यांचे सारखे कापले म्हणालो ना, ते खोटं. तुझा मोठा ठेवला."

मी दोन्ही हातांनी घेतला. कापड उघडलं. पाचरीसारखा तुकडा, एक कड जरा खरबरीत, त्यात माझं तोंड दिसत होतं. मला कळल्यावर आगायना बघायचं होतं ते. मी तो कपाळाला लावला आणि म्हणायचं असतं ते म्हटलं, "त्यांचं आयुष्य आपल्याला लाभो." कडेने बोट कापलं, पण मी मूठ मिटून घेतली.

"अनार," बाइके म्हणाले, "ते गाठीचं. बाबा म्हणाले होते मला, सुटलं म्हणून. इतके खूश होते! मी विचारलं, कसं सुटलं? तर म्हणाले, तुला नाही कळायचं, अनारला सांगेन. तुला सांगितलं ना?"

आपा दाराशी उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"सांगितलं, बाइके."

"मग आता छापून येईल?"

"येईल."

त्यांनी दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले आणि आकाशाकडे बघून हसले. पोर पास झाल्यासारखे.

याला आता सात वर्षं झाली. माझ्या टेबलावर दोरी असते. सुट्टीच्या दिवशी मी ती गुंतवते, टोकं जोडते, आणि उलट्या बाजूने बघायचा प्रयत्न करते. कुठल्या बाजूच्या उलट, तेच कळत नाही. कधी कधी वाटतं हातात आलं, मग सुटून जातं. मी आगाय नाही. त्यांनी मला पुष्कळ शिकवलं, पण स्वतःइतकं शहाणं करायचं राहून गेलं. दर सप्टेंबरला आमच्या खोऱ्यातली मुलं माझ्या वर्गात येतात आणि त्यांच्या गळ्यात दोऱ्याला काहीतरी चमकत असतं. हुशार असतात बहुतेक. मी फळ्याकडे तोंड करून शिकवते.

आपा गेल्या वर्षी गेल्या. आता हे फक्त मला ठाऊक आहे.

आगायच्या थडग्यावर सोवेतबेक बाइकेंनी काळा दगड बसवला आहे. त्यावर त्यांचा चेहरा कोरला आहे, नाव, जन्म-मृत्यूची सालं, आणि खाली एक ओळ गुळगुळीत, मोकळी. आगायनी काय सोडवलं ते तिथे लिहायचं आहे. नीट, गणिताच्या भाषेत, चूक न होता, म्हणून त्यांनी ते माझ्यावर सोपवलं आहे. दर नौरुजला त्यांचा फोन येतो. आधी खोऱ्यातल्या कुणाचं पोर कुठे लागलं ते सांगतात, जिपारचा मुलगा शाळेत जातो म्हणतात, आकडेमोडीत पहिला आहे. केल्दीबेकला अजून एकदाही अपघात झाला नाही. मग जरा थांबतात. संकोची माणूस आहे.

"अनार, त्या ओळीचं काय झालं गं? कोरणारा म्हातारा होत चाललाय."

"पुढच्या वर्षी, बाइके," मी म्हणते. "नक्की पुढच्या वर्षी."